शाहू महाराज, राधानगरी आणि आमचा अडीच फुटी वाफा

हॉस्टेलच्या पोरांनी त्या दिवशी मला फक्त मारायचं बाकी ठेवलं होतं. सकाळी साडेसहाला तिन्ही मजल्यांच्या नळांतून नुसती हवा येत होती. टेरेसवरची दहा हजार लिटरची टाकी एका रात्रीत रिकामी कशी झाली, याचं उत्तर अख्ख्या कॅम्पसमध्ये एकट्या माझ्याकडं होतं. वॉर्डन सरांनी विचारायच्या आधीच मी खाली मान घालून मेन बिल्डिंगसमोरच्या शाहू महाराजांच्या पुतळ्याकडं चालू लागलो. चौथऱ्याभोवतीच्या वाफ्याचं तळं झालं होतं आणि झेंडूची रोपं त्यात पोहत होती.

झालं असं होतं, की २६ जूनला, शाहू जयंतीला, पुतळ्याभोवती हिरवळ आणि फुलं असावीत असं ठरलं. पाणी घालायला माळीमामा एकटेच. मग कुणीतरी तुषार सिंचनाची कल्पना काढली आणि थर्ड इयर मेकॅनिकलच्या आम्हा चौघांना कामाला लावलं. चौथरा आणि पेव्हर ब्लॉकची वाट यांच्यामध्ये उरलेली पट्टी कशीबशी अडीच फुटांची, त्यातही एका कोपऱ्यात जुन्या बकुळीची मुळं. आम्ही हौसेनं एक इंची पीव्हीसी लाईन गाडली, दर पाच फुटांवर टी बसवला, त्यावर अर्धा इंची कडक निपल उभा केला आणि डोक्यावर नोझल. या उभ्या नळीला रायझर म्हणतात. तीन दिवस झकास चाललं. चौथ्या दिवशी संध्याकाळी पुतळ्याला हार घालताना कुणाचा तरी पाय एका रायझरला लागला. रायझर वरून मोडला असता तर परवडलं असतं. तो कडक असल्यामुळं सगळा झटका खाली गेला आणि जमिनीतला टी आट्यांपाशीच तडकला. व्हॉल्व्ह बंद करायचं काम माझं होतं आणि मी मॅच बघत बसलो होतो.

शिक्षा दोन मिळाल्या. लाईन स्वतः खणून दुरुस्त करायची ही पहिली. दुसरी जास्त अवघड होती. जयंतीला शाहू महाराजांच्या चरित्रावर दहा मिनिटं बोलायचं, आणि ते पण पाठ्यपुस्तकातलं सोडून. म्हणून पंधरा दिवस दिवसा खणत होतो आणि रात्री लायब्ररीतली चरित्रं वाचत होतो. हा लेख त्यातूनच आला.

कोल्हापूरच्या पोराला शाहू महाराज माहीत नाहीत असं नसतंच. दसरा चौकातला पुतळा, खासबाग मैदान, शाहू मिल, शाहूपुरी, सगळं रोज डोळ्यांसमोर. पण चरित्र म्हणून सलग वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं, की या माणसाच्या आयुष्यात पाणी सारखं मध्ये येतं. कधी दुष्काळ होऊन, कधी तळं होऊन, कधी धरण होऊन, आणि एकदा तर नुसती एक पाण्याची टाकी होऊन.

जन्म २६ जून १८७४ चा. कागलच्या घाटगे घराण्यातला हा मुलगा, नाव यशवंतराव. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब, आई राधाबाई. आई गेली तेव्हा मूल तीन वर्षांचं होतं. १७ मार्च १८८४ रोजी चौथ्या शिवाजी महाराजांच्या विधवा राणी आनंदीबाईंनी त्याला दत्तक घेतलं आणि यशवंतरावाचे शाहू छत्रपती झाले. दोन वर्षांनी वडीलही गेले. दहाव्या वर्षी गादी आणि बाराव्या वर्षी पोरकेपण. हॉस्टेलवर पहिल्या आठवड्यात रडणाऱ्या आमच्यासारख्यांनी थोडी लाज बाळगावी असा हा हिशेब आहे.

पुढं राजकोटच्या राजकुमार कॉलेजात शिक्षण. तिथं भावनगरच्या भावसिंगजींशी मैत्री जुळली. कोल्हापुरातला भाऊसिंगजी रोड त्यांच्याच नावाचा, हे मला त्या रोडवर चार वर्षं चहा पिऊनही माहीत नव्हतं. मग धारवाडला फ्रेझर साहेबांच्या हाताखाली इंग्रजी, इतिहास, कारभाराचं शिक्षण. १८९१ मध्ये बडोद्याच्या खानविलकरांच्या लक्ष्मीबाईंशी लग्न. त्याच साली मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली. २ एप्रिल १८९४ रोजी राज्याधिकार मिळाले, तेव्हा वय पुरतं वीससुद्धा नव्हतं. पुढच्याच वर्षी गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरीची पेठ वसवायला घेतली.

आणि १८९६ ला पाऊस गेला. त्यानंतरची चार-पाच वर्षं वाचताना दम लागतो. दुष्काळ, त्याच्या मागोमाग प्लेग, पुन्हा दुष्काळ. नवा राजा स्वतः गावोगाव फिरला. स्वस्त धान्याची दुकानं उघडली, जनावरांसाठी छावण्या काढल्या, तगाई दिली, रस्ते आणि तळ्यांची कामं काढून लोकांना मजुरी दिली. मजूर बायांच्या लहान मुलांना सांभाळायची सोयसुद्धा कामावर केली. पण माझ्या मते महत्त्वाचं ते पुढचं आहे. दुष्काळ सरला की सरकारं दुष्काळ विसरतात. हा राजा विसरला नाही. १९०२ साली संस्थानानं पाटबंधाऱ्यांचं स्वतंत्र धोरण घेतलं, त्यासाठी अधिकारी नेमला आणि विहिरी-तळ्यांची पाहणी सुरू केली. कुठं किती पाणी आहे ते आधी मोजा, हे इंजिनिअरिंगचं पहिलं पाऊल. आम्ही वाफ्यात नेमकं तेच केलं नव्हतं. टाकीची उंची साधारण बारा मीटर, म्हणजे दाब जास्तीत जास्त सव्वा बारच्या आसपास, त्यातून घर्षणात जाणार तो वेगळा. दोन बार दाबावर चालणारी मोठी नोझल्स आम्ही त्याला लावली होती आणि टोकाची दोन नुसती थुंकत होती. नंतर छोटी, कमी दाबाची, एकाच बाजूला अर्धगोल पाणी फेकणारी नोझल्स आणली. दुकानदारानं पहिल्याच दिवशी टाकीची उंची विचारली होती, तेव्हा आम्ही अंदाजपंचे काहीतरी सांगितलं होतं.

हेच १९०२ साल सगळ्यांना दुसऱ्या कारणानं माहीत आहे. २६ जुलैला संस्थानच्या नोकऱ्यांतल्या निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवणारा हुकूम निघाला. महाराज त्या वेळी सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी इंग्लंडला होते. त्याआधी वेदोक्त प्रकरण घडून गेलं होतं आणि मराठा बोर्डिंगही सुरू झालं होतं. नंतर जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य अशा एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी राहत गेली. यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे आणि माझ्यापेक्षा चांगलं लिहिलं गेलं आहे, म्हणून मी माझ्या पाण्याकडं वळतो.

कोल्हापूरपासून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर, सह्याद्रीच्या कुशीत भोगावती नदीवर फेजिवडे गावाजवळ धरणाची जागा ठरली. १९०७ मध्ये योजना झाली आणि १९०९ च्या सुमारास काम सुरू झालं. जवळच नवं गाव वसवलं, त्याला मुलीच्या, राधाबाईंच्या नावावरून राधानगरी म्हटलं. जलाशयाला राणीचं नाव, महाराणी लक्ष्मीबाई तलाव. भोवती दाजीपूरचं जंगल, अंग फोडून काढणारा पाऊस, रस्ते जेमतेम. एका मध्यम संस्थानानं स्वतःच्या तिजोरीतून एवढ्या मोठ्या धरणाला हात घालणं म्हणजे त्या काळात धाडसच होतं. मी माझ्या सवयीनं हिशेब केला. आज राधानगरीचा साठा ८.३६ टीएमसी धरतात. आमच्या हॉस्टेलच्या टाक्यांत मोजला तर सुमारे २ कोटी ३७ लाख टाक्या. मी रात्रीत घालवली ती एक.

पण काम पुरं झालं नाही. भिंत साधारण चाळीस फुटांपर्यंत चढली, म्हणजे आजच्या उंचीच्या निम्मीसुद्धा नाही. तोवर पहिलं महायुद्ध आलं, महागाई वाढली, आणि १९१८ च्या सुमारास पैशाअभावी काम थांबलं. महाराजांच्या हयातीत ते पुन्हा उभं राहिलं नाही. धरण पूर्ण व्हायला १९५० चं दशक उजाडलं. संस्थान विलीन झालं होतं, देश स्वतंत्र झाला होता. अर्धवट भिंतीकडं बघून त्या माणसाला काय वाटलं असेल, हे चरित्रांत कुठं मिळत नाही. मला मात्र ते पान ओलांडायला वेळ लागला. आमच्याकडं सबमिशन एक दिवस लांबलं तरी आम्ही फाईल फेकून देतो.

पुढं त्या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे बसले. मेकॅनिकलवाल्यांनी ते एकदा तरी जाऊन बघावेत. मोटार नाही, वीज नाही. पाणी ठरलेल्या पातळीला आलं की दाब आणि प्रतिवजन यांचा तोल बदलतो आणि दरवाजा आपला आपण उघडतो, पातळी उतरली की आपला आपण मिटतो. एका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी जातं. जुलै-ऑगस्टमध्ये कितवा दरवाजा उघडला यावर सगळ्या कोल्हापूरचं लक्ष असतं, कारण ते पाणी भोगावतीतून पंचगंगेत येतं आणि राजाराम बंधाऱ्यावरचा आकडा चढायला लागतो. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९ ला तर आकड्यानं पन्नाशी ओलांडली होती.

दुसरी एक गंमत. राधानगरीचं पाणी मुख्यतः कालव्यानं जात नाही, ते नदीतच सोडतात. नदीवर ठिकठिकाणी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा संपला की त्यांच्या गाळ्यांत बरगे घालून पाणी अडवायचं, पावसाळ्याआधी बरगे काढून घ्यायचे. शेतकरी काठावर मोटारी बसवून पाणी उचलतात. कोल्हापूर हे नाव असलेली ही रचना महाराष्ट्रभर वापरतात आणि आमच्या सिव्हिलच्या मित्रांना ती परीक्षेला येते.

आता टाकीची गोष्ट. राजवाड्याच्या पागेत गंगाराम कांबळे नावाचे नोकर होते. ते जातीनं अस्पृश्य. सवर्णांसाठी राखलेल्या पाण्याच्या टाकीला ते शिवले म्हणून त्यांना तिथल्याच लोकांनी बेदम मारलं. महाराज परगावी होते. परत आल्यावर त्यांनी मारणाऱ्यांची खबर घेतली आणि गंगारामांना नोकरीत अडकवून न ठेवता स्वतंत्र धंदा काढायला मदत केली. भाऊसिंगजी रोडवर गंगारामांचं चहाचं हॉटेल निघालं. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कोण येणार? तर महाराज स्वतः गाडी थांबवून तिथं चहा घेऊ लागले, आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही घ्यायला लावू लागले. मोठा हुकूम काढणं एक, आणि भर रस्त्यात कप तोंडाला लावणं एक. १९१९ मध्ये हुकूमही निघाला. सार्वजनिक विहिरी, पाणवठे, शाळा, दवाखाने यांत अस्पृश्यांना मज्जाव करता येणार नाही असं संस्थाननं जाहीर केलं. चवदार तळ्याचा सत्याग्रह यानंतर आठ वर्षांनी, १९२७ ला झाला. मधे मार्च १९२० मध्ये माणगावची परिषद झाली, तिथं महाराजांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नेतृत्व जाहीरपणे पुढं केलं. बाबासाहेब तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते. त्यांच्या मूकनायकालाही महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली होती.

रात्री हे वाचायचं आणि सकाळी कुदळ. माळीमामांनी खणता खणता सांगितलं, की कडक नळी अशा बोळात टिकतच नाही. माणसाचा पाय, झाडू, सायकल, कुत्रं, काही ना काही लागतंच. त्यांच्या गावाकडच्या मळ्यात ठिबकची काळी मऊ नळी ते असल्या ठिकाणी वापरतात. मग आम्ही पद्धतच बदलली. टी उभा न ठेवता आडवा फिरवला, त्याच्या तोंडाला दातेरी एल्बो लावला आणि तिथून सोळा मिलीमीटरची लवचिक नळी काढली. साधारण दीड फूट, ताणून नाही तर जमिनीत सैल वळण देऊन. दुसऱ्या टोकाला पुन्हा एल्बो आणि त्यावर नोझल. आता नोझलला लाथ बसली तर नळी वाकते, झटका टी पर्यंत जात नाही. दुसरा फायदा आधी लक्षातच आला नव्हता. नोझल लाईनच्या बरोबर डोक्यावरच असलं पाहिजे ही सक्ती गेली. बकुळीच्या मुळांना वळसा घालून आम्ही नोझल पार चौथऱ्याच्या कोपऱ्यात नेलं, मुख्य लाईन तसूभर न हलवता.

तरी चुका झाल्याच. एका ठिकाणी नळी फार तोकडी वळवली, ती चिमटली आणि पाणी अडलं. एल्बोचे दाते नळीत जाईनात म्हणून आम्ही लायटर वापरला आणि टोकंच वितळवली. मेसमधल्या मावशींनी पातेलंभर गरम पाणी दिलं, त्यात मिनिटभर टोक बुडवलं की काम झालं. नोझल बसवायच्या आधी लाईन मोकळी सोडून आतली माती, पीव्हीसीचा भुगा धुऊन काढायला हवा होता. ते विसरलो, बारापैकी पाच नोझल्स तुंबली, सगळी काढून पुन्हा लावली. आणि मऊ नळीचा एक मूळचा दोष आहे, ती नोझलला सरळ उभं धरत नाही. त्यावर उपाय म्हणजे शेजारी सळईचा छोटा खुंट ठोकून नोझल त्याला बांधायचं आणि भोवतीची माती पाणी मारून चांगली चोपायची.

इथं घरचं थोडं सांगतो, कारण मला हा विषय का चिकटला ते त्यात आहे. मी शिरोळ तालुक्यातला. बाजाराचं गाव जयसिंगपूर, तेही शाहू महाराजांनी वडिलांच्या नावानं वसवलेलं, सरळ आखीव गल्ल्यांचं. आमची जमीन काळी, नदीकाठची, ऊस सोडून दुसरं काही नाही. धरणं झाली, बंधारे झाले, मोटारी आल्या आणि पाणी पाटानं इतकं सुटलं की मोजणारं कुणी राहिलं नाही. काळ्या जमिनीतून पाण्याचा निचरा होत नाही. खालची पाणीपातळी वर येते, ते पाणी क्षार घेऊन पृष्ठभागावर चढतं, ऊन लागून उडून जातं आणि क्षार मागं राहतात. आमच्या खालच्या एकरात आता उन्हाळ्यात पांढरी भुकटी दिसते. आजोबांच्या वेळी त्यात शाळूसुद्धा यायचा म्हणे. शिरोळ तालुक्यात अशी क्षारपड रानं हजारो एकर आहेत. दुष्काळात होरपळलेल्या माणसानं पाणी आणायची धडपड केली, आणि शंभर वर्षांनी त्या पाण्यानंच आमचं रान पांढरं पडलं. यात महाराजांचा दोष नाही. त्यांनी आधी मोजणी केली होती, मोजणं आम्ही सोडलं. वडिलांना ठिबक कर म्हटलं की ते नदीकडं बोट दाखवतात. यावरून दिवाळीत आमचं इतकं वाजलं की दोन महिने फोनवर आईच बोलत होती.

महाराजांचं शेवटचं पर्व लवकर येतं. १९१७ मध्ये सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण, १९१८ मध्ये कुलकर्णी वतनांचं उच्चाटन, १९१९ मध्ये कानपूरला कुर्मी क्षत्रिय समाजानं दिलेली राजर्षी ही पदवी, १९२० मध्ये माणगाव. कामाचा वेग बघता हा माणूस म्हातारा होऊन गेला असेल असं वाटतं. ६ मे १९२२ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं तेव्हा वय सत्तेचाळीस होतं. अठ्ठावीस वर्षं राज्य केलं. कोल्हापुरात नर्सरी बागेत गंगाराम कांबळे आणि त्यांच्या समाजातल्या लोकांनी पैसे जमवून त्यांचं स्मारक उभं केलं. ज्याला टाकीला शिवला म्हणून मारलं होतं, त्यानं पुढाकार घेऊन. त्याच बागेत २०२० साली समाधिस्मारकही झालं. मी जयंतीच्या आधी एका संध्याकाळी तिथं जाऊन आलो.

भाषण दहाऐवजी सतरा मिनिटं झालं. घंटा दोनदा वाजली. पुतळ्याला हार घालताना एका पाहुण्यांचा बूट तिसऱ्या नंबरच्या नोझलवर पडला, आम्ही चौघांनी एकदम श्वास रोखला. नोझल आडवं झालं, पाय उचलल्यावर हळूच वर आलं, जरासं कललेलं. माळीमामांनी संध्याकाळी ते सरळ केलं.

वडील त्या कार्यक्रमाला आले होते. परत जाताना वाफ्यापाशी उकिडवे बसून त्यांनी माती उकरून ती नळी बघितली, बोटानं वाकवून बघितली. किती रुपये मीटर, एवढंच विचारलं. मी सांगितलं. खालच्या एकरासाठी नको, पण आईच्या परसातल्या कढीपत्त्याला आणि पपयांना वीस मीटर घेऊन ये म्हणाले. मी पंचवीस घेतली आहे.